मागल्या बाजूनं बघितलेली माफी

…आणि वर मलाच इचारत्यात, "नागुबाई, तू मधी कशाला पडलीस?" अहो, पडले कुठं? मधी मी हुतेच की! एका अंगाला तारामतीचं घर, मधी माझं, आणि परड्याच्या पलीकडं तिच्या भावाचं, बाहुबली अण्णाचं. घर बांधतानाच आमच्या सासऱ्यानं मला मधी घालून ठेवलंय, त्याला मी काय करू? आणि तुम्हाला सांगते, दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय मला अजिबात न्हाई. तारामतीच्या आणि आमच्या मधल्या भिंतीतली एक वीट निखळलीया, ती मी काढलेली न्हाई, उंदरानं काढली. आता माझं जातं नेमकं तिथंच हाय. दळायला बसलं की कान काय खुंटीला टांगून ठेवू? येतंय ऐकू! तुम्हीच सांगा, ह्यात माझी काय चूक?

तर बादशहाच्या ज्युबिलीला शाळेत पोरांना साखर वाटली हुती बघा, त्याच्या पुढल्या वैशाखातली गोष्ट. निपाणीपासनं दोन कोसांवर आमचं गाव, सगळा तंबाखूचा मुलूख, हितं पोरं जन्मताना रडायच्या आधी शिंकत्यात. आणि ह्या गावात ही दोन सख्खी भावंडं, अण्णा थोरला, तारामती धाकटी, जैनाघरची शहाणी माणसं, दोन वर्षं एकमेकांशी बोलत न्हवती! का? तर अण्णानं आपल्या लेकाला, सुकुमारला, तारामतीची लेक अक्काताई मागितली. भाचीवर पहिला हक्क मामाच्या घराचा, आमच्याकडची रीतच हाय ती. तारामतीनं न्हाई म्हटलं. झालं! मामाचं दार बंद. निरोप घेऊन जाताना मी, परतीचा निरोप आणताना मी, आणि दार आपटलं तवा बोट चेंगरलं तेबी माझंच.

बरं, ह्यांच्यात माफीचा दिवस न्हाई का? हाय की! भादव्यात दहा दिवस उपास करत्यात, आणि मग घरोघर हात जोडून फिरत्यात, "वर्षभरात काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा करा." किती चांगलं हाय! माझ्या दारातबी येत्यात, मला तर लई आवडतं. मुंगीची माफी मागत्यात, झाडाची मागत्यात, न दिसणाऱ्या जिवाची मागत्यात. पण बहीण तेवढी दिसत न्हाई! त्या दिवशी अण्णाला नेमकं बैल बघायला बेळगुंदीला जायचं असतंय. बैल! दोन वर्षांत एक बैल आणला न्हाई, पण बघायला गेला दोनदा. आणि तारामतीचं त्याच दिवशी डोकं चढतंय. मी म्हणते, देवानं दिवस नेमून दिला तरी माणसं अशी, तर मग देवानं तरी काय करायचं?

आणि अशात अक्काताईचं लगीन ठरलं. चिकोडीचं तालेवार घर, पोरगा शिकलेला. पण लगीन म्हटलं की मामा पाहिजे. नवरीला हाताला धरून मांडवात आणायची ती मामानं, अंतरपाटाशी पोर उभी ऱ्हाती तवा पाठीशी उभं ऱ्हायचं ते मामानं. मामा असून मामा न्हाई म्हंजे काय? चिकोडीच्या विहीणबाईंनी गाडीवानाकडनं निरोप धाडला. काय निरोप! नाकातनं बोलत्यात त्या, गाडीवानानंबी तस्साच सांगितला, "मामा पाठीशी नसंल तर आमची माणसं इचारतील हो, सख्ख्या मामानं पोरीत काय खोट बघितली? मग आम्हाला इचार करावा लागंल." इचार करावा लागंल! लगीन आठ दिवसांवर, आणि ह्या आता इचार करणार!

इकडं पोरगी शेवया वळता वळता रडायची. घास तोंडात न्हाई. भिंतीपलीकडनं ते हुंदकं ऐकून माझं पीठ जाडं पडायला लागलं हो! मला पोटी पोर न्हाई, ती पोर माझ्याच परड्यात लहानाची मोठी झाली, मला 'मावशी' म्हणती. मी तारामतीला म्हटलं, "जा की गं, धाकटी हाईस, भावाच्या दारात जायला लाज कसली?" तर म्हणती, "दार त्यानं लावलं, उघडू दे त्यानंच." अण्णाला म्हटलं, तर तो म्हणतो, "नागुबाई, बोलली ती. मी न्हाई." भिंतीला सांगितलं असतं तर आणखी एक वीट तरी हालली असती!

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगते, गावात पाद्रीसाहेबाची मोटार आली.

बेळगावच्या अंगाला ऱ्हातो तो गोरा पाद्री, उंचच्या उंच. त्याच्या संगट एक नागोजी मास्तर, आपल्यातलाच, पण किरिस्ताव झालेला. मास्तरानं हातातली घंटा वाजवत गल्लीगल्लीत सांगितलं, "आज दिवेलागणीला खळ्यावर सिनेमा! फुकट! क्षमेची कथा! बायकापोरांसकट या!" क्षमेची कथा! माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, नागुबाई, ही मोटार तुझ्यासाठीच आलीया.

आमचे मालक म्हणाले, "बाटवतील गं." मी म्हटलं, बघून कुणी बाटत असतं तर बाजारात जाऊन आपण कितीदा शेठ झालो असतो! आणि लागले कामाला. अण्णाला जाऊन सांगितलं, "तारामती काय येणार न्हाई बघ सिनेमाला, डोकं चढलंय तिचं." म्हणाला, "मग मी जातो." तारामतीला सांगितलं, "अण्णा निपाणीला गेलाय वखारीत." म्हणाली, "मग मी येते." खोटं बोलले, बोलले! पण कशासाठी? ह्यात माझी काय चूक?

जैनांची जेवणं दिवस मावळायच्या आत, म्हणून ती सगळी आधीच येऊन जागा धरून बसलेली. खळ्यात दोन वासं रोवलेलं, मधी हे एवढं पांढरं कापड ताणलेलं. पुढं बापय आणि मागं बाया. म्हंजे पडद्याच्या ह्या अंगाला बापय, त्या अंगाला आम्ही. बाया बापयांच्या नजरंसमोर कशा बसणार? नाटकात, तमाशात जसं तसंच. कापड ओलं असलं की मागनंबी चित्र लख्ख दिसतंय, म्हणून वखारीतला भरमा हमाल घटकाघटकाला बादली घेऊन पळत यायचा आणि कापडावर पाणी मारायचा, पुढनं एकदा, मागनं एकदा. निम्मं पाणी आमच्या डोस्क्यावर. आम्ही ओरडलो की मास्तर पलीकडनं ओरडायचा, "कुंदर्री, कुंदर्री! बसून घ्या!"

मोटार जागच्या जागी उभी, तरी इंजिन चालू. त्यातनं वीज काढत्यात म्हणं. आणि लागलं की हो चित्र! दोन साहेब. सख्खं भाऊ. एकसारखी दाढी, एकसारखी टोपी, एकसारखं नाक. अहो, आपल्याला सगळं साहेब एकाच साच्यातनं काढल्यासारखं दिसत्यात, त्यात हे सख्खं भाऊ! फरक एवढाच, एकाच्या अंगात चौकडीचा कोट, एकाच्या अंगात काळा. मास्तर पडद्याच्या पुढं उभा राहून म्हणाला, आम्हाला तो दिसला न्हाई, पण मी ह्या कानांनी ऐकलं, "उजव्या हाताला थोरला! डाव्या हाताला धाकटा!" आम्ही बघितलं. आमच्या उजव्या हाताला चौकडीवाला. बरं. चौकडीवाला थोरला. आणि मग इंजिन जे खडखडायला लागलं, आणि आमच्या अंगाला सोळा तान्ही पोरं जी रडायला लागली, मास्तराचा पुढचा एक शबुद कानात शिरला असंल तर शपथ!

पण बोलण्याची गरजच काय? चित्रच बोलत हुतं! चौकडीवाल्यानं भावाला घराबाहेर काढलं. बाहेर आभाळातनं पांढरा कापूस पडतोय, लोक म्हणाले ते बर्फ हाय, आणि त्यात तो काळा कोट उघडा-बोडका निघाला. बाया तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. मालुबाई उठून चौकडीवाल्याला शिव्या द्यायला लागली, तिला खाली ओढली. मग वर्षं गेली. चौकडीवाल्याची गुरं मेली, बायको मेली, डोळ्यातली झोप मेली. आणि शेवटाला तो काठी टेकत भावाच्या दारात आला आणि धप्पदिशी गुडघ्यावर बसला! आणि काळ्या कोटानं काय केलं? बोलला न्हाई, मागचं काढलं न्हाई. उठवला आणि मिठी मारली. अहो, अख्खं खळं हुंदकं देत हुतं! इकडं बाया, पलीकडं बापय! कापड आधीच भिजलेलं, आता माणसंबी भिजली. तारामतीनं माझा हात गच्च धरला. म्हणाली, "नागुआक्का, माझ्या मनात आता काय न्हाई गं. काय न्हाई." मी म्हटलं, जिंकलीस बाई, नागुबाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सोप्यात दोघांना बोलावलं. घोंगडं अंथरलं, गूळ ठेवला, त्यांच्यासाठी पाणी दोनदा गाळून ठेवलं. अण्णा आला, पटका बांधून. तारामती आली, डोक्यावरनं पदर घेऊन. दोघांच्याबी तोंडावर असं तेज की वाटावं आत्ताच देवळातनं आल्यात. डोळं पुसायला मी पदर आधीच हातात धरून ठेवला.

अण्णा म्हणाला, "ये तारू. मागचं मी काय काढणार न्हाई. तुला मी माफ केलं."

तारामती म्हणाली, "ये अण्णा. मीबी काय काढणार न्हाई. माफ केलं तुला."

"तू? मला?"

"मग कोण कुणाला?"

"अगं, काल सिनेमा बघितलास न्हवं?"

"बघितला म्हणून तर आले! थोरल्यानं गुडघं टेकलं बघितलं न्हाईस?"

"थोरल्यानं? धाकट्यानं टेकलं!"

"थोरल्यानं!"

"धाकट्यानं!"

"नागुआक्का, सांग की गं तू!"

आता मी जे बघितलं तेच सांगणार. म्हटलं, "थोरल्यानं टेकलं." तर आतनं आमचे मालक, कधी नव्हे ते तोंड उघडलं आणि नको तवा उघडलं, "काय बोलतीयास? धाकट्यानं की! मी पुढंच बसलो हुतो!"

म्हंजे बघा! दोघंबी माफ करायला आलेली, मोठ्या मनानं, भरल्या डोळ्यांनी. माफी मागायला कुणीच आलेलं न्हाई! गूळ तसाच. दोघं दोन दारांनी गेली.

आणि दुपारपर्यंत गाव पेटलं. सगळं बापय म्हणत्यात धाकटा चुकला, सगळ्या बाया म्हणत्यात थोरला चुकला. आता आमच्याकडं बायका नवऱ्याहून धाकट्या. घराघरात बाया चुलीपुढनं उठून म्हणायला लागल्या, "ऐका, थोरल्यानं नमायचं असतंय, सिनेमात दाखवलंय!" मालुबाईनं तर नवऱ्याला तीनदा माफ केलं, तो बिचारा इचारतोय कशाबद्दल, तर म्हणती, "तुमचं तुम्हाला ठाऊक!"

शेवटाला मी भरमाला गाठलं. दोन्हीकडं हिंडलेला गावात तो एकटाच. म्हटलं, "भरमा, खरं सांग, कोण नमला?" डोकं खाजवत म्हणतो, "आक्का, पुढनं बघितलं तवा धाकटा वाटला, मागनं बघितलं तवा थोरला वाटला." "मग खरं कुठलं रं?" "मला काय ठाऊक? मी पाणी मारत हुतो."

घरी आले. परड्यात दोरीवर माझं लुगडं वाळत हुतं, एका कोपऱ्यात ठिगळ. ह्या अंगानं बघितलं, ठिगळ उजव्या हाताला. त्या अंगाला गेले, ठिगळ डाव्या हाताला! पुन्हा ह्या अंगाला, पुन्हा त्या अंगाला. वाटंनं जाणाऱ्या बायकांना वाटलं मला भानामती झाली. पण माझ्या डोस्क्यात उजेड पडला! मास्तर बोलला ते बापयांच्या उजव्या हाताचं, आणि आम्ही बघितलं आमच्या उजव्या हाताला. अख्ख्या गावातल्या बायकांनी थोरल्याला धाकटा आणि धाकट्याला थोरला धरून रडून घेतलं! अहो, वाया गेलं की ते रडणं!

पळत तारामतीकडं. सगळं समजावलं. लुगडं धरून दाखवलं. तिनं शांतपणानं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे आम्हाला उलटं दाखवलं ते दाखवलं, आणि वर नमायचं ते आम्हीच? आम्ही काय हौसेनं मागं बसलो हुतो?" मी लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं. मला तर तिचंच पटलं!

मग आमच्या मालकांना निपाणीला पिटाळलं, पाद्रीसाहेबाकडं. आमच्या गावातनं मोटार निपाणीला गेलेली, अजून तिथंच हुती. पाद्रीसाहेबानं पोथीतल्यासारख्या मराठीत उत्तर दिलं, मालकांनी वाटंनं घोकत आणलं, "प्रिय बंधो, थोरला कोण व धाकटा कोण हे गौण आहे. ज्याला आपला अपराध ठाऊक आहे, त्याने प्रथम जावे." घ्या! अपराध ठाऊक आहे! हितं दोघांनाबी अपराध ठाऊक हाय, पण दुसऱ्याचा! … पण तुम्हाला सांगते, ते वाक्य मी मालकांकडनं तीनदा म्हणून घेतलं. रातीला भाकरी गेली न्हाई. का गेली न्हाई, ते सांगतेच आता.

लग्नाचा दिवस उजाडला. चिकोडीची वरात मारुतीच्या देवळात उतरली. वाजंत्री वाजतीया, मुहूर्त घटकेवर, आणि विहीणबाई मांडवात पाय ठेवता ठेवता इचारत्यात, "मामा कुठं दिसत न्हाईत ते?" तारामतीचं तोंड पांढरं. मी पळाले परड्यातनं. अण्णा आपल्या सोप्यात बसलेला, नवा पटका, अंगरखा, आणि मांडीवर भाचीसाठी आणलेलं हिरवं लुगडं! आणलेलं की हो त्यानं! म्हटलं, "चल अण्णा." म्हणाला, "ती नुसती परड्याच्या दारात येऊ दे. मी माफ केलंय." पळाले तारामतीकडं. "तो नुसता परड्याच्या दारात येऊ दे गं, मी माफ केलंय." पुन्हा तिकडं. पुन्हा इकडं. सात खेपा! वाजंत्रीवाला मला बघून ठेका धरायला लागला! सातव्या खेपेला आतल्या खोलीत पोरगी दिसली. हळदीची, मुंडावळ्या बांधलेली, भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "मावशी, मामा येतोय का?" बस्स, एवढंच म्हणाली.

आता तुम्हाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका. दोन वर्षांमागं अण्णाचा निरोप मी तारामतीला दिला तवा ती एवढंच म्हणाली हुती, "सध्या नको म्हणावं." पण मी घरी येऊन जात्यावर बसले, आणि भिंतीपलीकडनं अक्काताई आईला म्हणत हुती, रडत रडत, "सुकुमार माझ्या खांद्याला लागतोय गं आई, मी न्हाई करायची." लेकरू हुतं, चौदा वर्षांचं, बोललं. आणि मी अण्णाकडं गेले, त्यानं इचारलं, "का नको म्हणत्यात?", आणि माझ्या तोंडात काय ऱ्हाईना, निघून गेलं, "खांद्याला लागतोय म्हणत्यात." म्हणत्यात! कोण म्हणतं ते मी सांगितलं न्हाई, त्यानं इचारलं न्हाई. बापाच्या काळजाला लागलं ते. सुकुमार खरंच बुटका हाय.

तर मी आठवी खेप केली. अण्णाच्या पुढ्यात उभी ऱ्हायले. म्हटलं, "अण्णा, ते खांद्याला लागण्याचं… ते तारामती बोललीच न्हवती."

लुगड्यावरचा त्याचा हात थांबला. "मग कोण बोललं?"

आता काय सांगू? पोरीचं नाव घेतलं तर लुगडं तिथंच फेकतोय, आणि विहीणबाई मांडवात कान टवकारून बसल्यात. म्हटलं, "मी. माझ्या पदरचं घातलं मी." आणि धप्पदिशी गुडघ्यावर बसले. पन्नाशीचं गुडघं हो, कट्टदिशी आवाज झाला!

अण्णा लुगडं काखेला मारून उठला. डोळं भरलं त्याचं. दोन वर्षांची माफी साठलेली, कुणावर तरी वाहायचीच हुती! मला हाताला धरून उठवलं, काळा कोट उठवतो तस्सा, म्हणाला, "नागुबाई, माफ केलं तुला," आणि परड्यातनं जो पळत सुटला, "तारू, अगं तारू!" तारामती दारात आली, अण्णानं खांद्याचं सांगितलं, तिला सगळं कळलं, पण लेकीचं नाव तिनंबी काढलं न्हाई, भावाच्या गळ्यात पडली, रडून झालं, आणि मग डोळं पुसून माझ्याकडं वळली. तिच्याबी मनात माफी काठोकाठ भरलेली. मी पुन्हा गुडघ्यावर. वाजंत्री थांबवून, सगळ्या वरातीदेखत, "माफ केलं हो नागुआक्का!" टाळ्या पडल्या. विहीणबाई नाकातनं म्हणाल्या, "ह्याच का त्या लावालावी करणाऱ्या? असू द्या, आम्हीबी माफ केलं." त्यांचा काय संबंध? तुम्हीच सांगा!

मामानं भाचीला हाताला धरून मांडवात आणली, हिरवं लुगडं नेसलेली. पाठीशी उभा ऱ्हायला, ताठ. अक्षता पडल्या. मी कुठं हुते? मागं, खांबाच्या आड, गुडघ्याला तेल चोळत.

पोरगी गाडीत बसताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "मावशी, ते तू न्हाई बोललीस. मी बोलले हुते. मला माफ कर." मी म्हटलं, "गप ग, गाडीवान ऐकंल. सुखानं नांद." आणि मग रडले मी, पोटभर.

पण गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं हो! आता गावात माझं नावच पडलंय. कुणाचं भांडण झालं, दोघंबी अडून बसली, की माणसं म्हणत्यात, नागुबाईला बोलवा, ती चूक घेती आपल्यावर. परवा वरल्या गल्लीतल्या दोन जावा आल्या. सहा महिनं अबोला. म्हणाल्या, "आक्का, तेवढं तुमच्यामुळं झालं म्हणा आणि वाका, म्हंजे आम्ही बोलायला मोकळ्या." मी म्हटलं, वाकते बाई, सवयच झालीया आता, पण भांडण कशावरनं झालं, कोण काय बोललं, तेवढं तरी सांगाल का न्हाई?

तर दोघी एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "ते तुम्हाला हो कशाला पाहिजे?"

…वाकले. काय करता?